तोट्यातली बस

बालमित्रांनो, मी एक जुनी सरकारी बस आहे. माझा पत्रा गंजला, चाकं काढून नेली, तरी आगाराच्या या कोपऱ्यात मला अजून स्वस्थ उभं राहवत नाही.

नव्वद साली मी सुरतेत आले. रोज सकाळी नवागामहून निघायचं आणि सरकारी दवाखान्यावरून स्टेशन गाठायचं, हे माझं काम. माझे प्रवासी बहुतेक खानदेशातून कापडाच्या मागावर कामाला आलेले. त्यांतले दगा आणि पुष्पाबाई हे नवरा-बायको मला फार जवळचे. दगाला क्षय झाला होता. दिवसाआड दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागे, आणि चार पावलं चालला तरी त्याला धाप लागे. तो सावकाश चढेपर्यंत माझा ड्रायव्हर गणपत गाडी हलवत नसे.

पंच्याण्णव साली ही फेरी तोट्यात आहे म्हणून सरकारनं बंद केली. त्याच महिन्यात इच्छापोरला एक नवा कारखाना आला. त्याला जमीन स्वस्त, वीज स्वस्त, आणि कामगार न्यायला मीही नाममात्र भाड्यानं. मला नवा रंग दिला, नव्या गाद्या बसवल्या. सगळे कौतुक करत, पण मला चैन पडेना. मी त्याच थांब्यावरून जायची, दवाखान्यासमोरूनही जायची. दगाला मात्र चढायची परवानगी नव्हती. त्याची इंजेक्शनं चुकू लागली. खोकल्यातून रक्त पडू लागलं.

एका सकाळी पुष्पाबाई दगाला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गणपतनं करकचून ब्रेक दाबला. आतून ललित उतरला. तो त्यांचा शेजारी, कारखान्यात नुकताच कंत्राटावर लागलेला. त्यानं पुष्पाबाईला समजावलं, की सवलती दिल्या म्हणून कारखाना आला, म्हणून आमच्या घरी चूल पेटते, आणि आज उशीर झाला तर खाडा धरून आमचा पगार कापतील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पुष्पाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती आपल्या खानदेशी बोलीत म्हणाली, "तुले काम भेटनं, माले आनंदच शे. पण कंपनीले दिधं ते सवलत, आन आमले दिधं ते तोटा, असं कसं रे भाऊ?"

ललितनं दगाचा हात धरून त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः दारात उभा राहिला.

मग दिवसाआड असंच चाललं. महिन्याभरात कुणीतरी तक्रार केली. गणपतची बदली बारडोलीला झाली, आणि नवा ड्रायव्हर दगासाठी थांबेना. तेव्हा ललित उठला. त्याच्यामागे एकेक करत सगळे कामगार उठले. दगा आत आल्याशिवाय कुणी खाली बसेना, तेव्हा ड्रायव्हरला थांबावंच लागलं.

दगा बरा झाला, पुन्हा मागावर उभा राहिला. नवागामची फेरी मात्र कधीच सुरू झाली नाही.

मित्रांनो, माझे दिवस भरले, माझ्यासाठी काही मागत नाही. पण मोठेपणी एखादी फेरी बंद करायच्या कागदावर सही करायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी एक दिवस तिच्यातून प्रवास करा. शेजारच्या माणसाला एवढंच विचारा, "तुम्ही कुठे निघालात?"