आप्पांच्या फोनचा स्पीकर

गजेंद्रच्या दुकानात मी भांडायलाच गेले होते. सुरतेच्या डिंडोलीतलं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि समोर बिघडलेले फोन हातात घेऊन उभी असलेली माणसं. ती माणसं आहेत हे पाहून मला बरंच वाटलं. ऐकायला कुणी असलं की माझी जीभ जास्त चालते.

आप्पांचा फोन मी त्याच्या टेबलावर आपटला.

"वर्षभर स्पीकर बदलतोयस ना? कसले भंगारातले पार्ट टाकतोस रे? तुझ्या त्या पार्टपायी माझ्या बापाची अब्रू गेली!"

गजेंद्रने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "ताई, हळू बोला. गिऱ्हाईक उभे आहेत."

"ऐकू दे त्यांना पण!"

आप्पा म्हणजे माझे वडील, हिलाल पाटील. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले आणि उभा जन्म लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात काढला. मी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी बघते. नोकरी लागली तेव्हा पहिला फोन त्यांना घेऊन दिला होता, चांगला, मोठ्या स्क्रीनचा. गेल्या वर्षी त्यांची तक्रार सुरू झाली. "कानले लावा का आवाजच येस नही. स्पीकर गया वाटस."

मी आधी फोन कंपनीच्या सेंटरवर घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने तो हातातसुद्धा घेतला नाही. मॉडेलचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "आना पार्ट हवे नथी आवता. नवो लई लो ने." स्क्रीन धड, बॅटरी धड, आणि शेंगदाण्याएवढ्या स्पीकरचा पार्ट आता येत नाही म्हणून अख्खा फोन फेकून नवा घ्यायचा! मी तिला चार शब्द सुनावले आणि तडक गजेंद्रकडे आले. तो मेलेल्या फोनमधले पार्ट काढून चालत्या फोनला बसवतो. त्यानंतर आप्पाच फोन घेऊन त्याच्याकडे जात आणि परत येऊन सांगत, "बदली दिना." महिना-दोन महिने बरे जात, मग पुन्हा तेच. ऑफिसमध्ये मी गजेंद्रचं कौतुक करत असे आणि घरी आप्पांवर चिडत असे. दुपारी ते फोन करून विचारत, जेवलीस का? मी सांगितलेलं त्यांना कळत नसे, ते पुन्हा विचारत, पुन्हा विचारत. शेजारच्या टेबलावरच्या मुली हसायला लागल्या की मी फोन कापून टाकायची.

आणि मग फुवा गेले. आप्पांची थोरली बहीण धुरपदाबाई, आमची फुई, सुरतेतच पांडेसऱ्याला राहते. तिच्या मालकांना, म्हणजे फुवांना, सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तिच्या मुलाने, योगेंद्रने, तिथूनच आप्पांना फोन लावला. आप्पा खात्याबाहेर चहा पीत होते. योगेंद्र रडत रडत म्हणाला, "मामा, बाबा गयात." त्यावर आप्पा हसून म्हणाले, "हां, हां. बरं बरं. मजामा शेतस ना बठा?" आणि फोन ठेवून दिला.

सगळे मजेत ना, असं विचारलं हो त्यांनी. बाप गेलेल्या पोराला.

योगेंद्रला वाटलं, मामा प्यायलेला आहे. त्याने पुन्हा फोन केला नाही. फुईने मात्र हट्ट धरला की माझा भाऊ आल्याशिवाय हलवायचं नाही. लोक ताटकळत उभे राहिले, शेवटी तिला धरून आत नेलं आणि प्रेत उचललं. आम्हाला बातमी कळली संध्याकाळी, तीही तिसऱ्याच माणसाकडून. आम्ही धावत गेलो तर योगेंद्रने दारातच तोंड फिरवलं. पार नवागामच्या वस्तीपर्यंत बोलणं पसरलं, हिलाल पाटील भरदिवसा पिऊन होता, मेव्हण्याच्या मातीलाही आला नाही. माझ्या आप्पांनी आयुष्यात कधी बिअरची बाटली हातात घेतलेली नाही.

म्हणून मी भांडायला आले होते. आता उद्या आम्हाला फुईच्या दारवर जायचं होतं, दुखवट्याला. तिथे चार नातेवाइकांसमोर आप्पांवरचा डाग मला पुसायचा होता. स्पीकर खराब होता, हे गजेंद्रने नुसतं कबूल करावं, एवढंच मला हवं होतं.

गजेंद्र उठला. स्वतःचा मोबाइल खिशातून काढून त्याने आप्पांचा नंबर लावला. टेबलावरचा फोन वाजला.

"घ्या. कानाला लावा," म्हणाला आणि दुकानामागच्या बोळात गेला.

मी फोन कानाला लावला. खरं सांगते, वर्षभरात पहिल्यांदा. त्या फोनमध्ये मी रिचार्ज मारला होता, फोटो टाकले होते, देवाची रिंगटोन लावून दिली होती. कानाला कधी लावला नव्हता.

"ताई, येतो का आवाज?" गजेंद्र अगदी हळू बोलत होता. त्याच्या मागे कुणीतरी बादलीत नळ सोडला होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

तो परत आला तेव्हा समोरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी फोन हळूच टेबलावर ठेवला.

"मी एकदाही स्पीकर बदललेला नाही," तो म्हणाला. आता तोही चिडला होता. "कुठून बदलू? या मॉडेलचा स्पीकर अख्ख्या सुरतेत मिळत नाही, जुन्यातही नाही. खरंच बिघडला असता तर माझ्याने दुरुस्त झालाच नसता. मी फोन उघडायचो, खात्यातली धूळ ब्रशने काढायचो आणि बंद करायचो. पहिल्याच दिवशी काकांना सांगितलं, फोन चांगला आहे, कान दाखवून घ्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी हात जोडले, ताई. म्हणाले, पोरीला सांग पार्ट बदलला." त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "म्हणाले, ती लवकर चिडते. माझ्यावर चिडण्यापेक्षा फोनवर चिडू दे."

मी फोन उचलला आणि निघाले. जाताना एका बाईने मला वाट करून दिली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आयुष्यभर मी ज्या जिभेचा तोरा मिरवला ती रस्ताभर टाळ्याला चिकटून होती. लूममध्ये राबलेल्या माणसाचे कान जातात हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं, फक्त आप्पांच्या बाबतीत ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. बहिरा बाप असण्यापेक्षा बिघडलेला फोन असणं मलाही सोयीचंच होतं.

तरी घरी गेल्यावर मी काय केलं? त्यांच्या समोर बसून मोठ्याने म्हणाले, "आप्पा, उद्या फुईकडे मी सांगेन, फोनचा स्पीकर गेला होता. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातून आले आहे हे त्यांना दिसत होतं आणि मला काय कळलं आहे हेही. त्यांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फुईच्या दारात गल्लीभर ताडपत्री अंथरली होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. आप्पा भिंतीला टेकून बसले, मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. कुणी त्यांच्याशी बोलेना. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सुरुवात केली. फोन कसा जुना, पार्ट कसे मिळत नाहीत, कंपनीवाले कसे हात वर करतात, दुरुस्तीवाले कसे काहीही जोडून देतात. सगळं खरं बोलले, एक सोडून. लोकांना ते लगेच पटलं. प्रत्येकाच्या घरात असा एक फोन होताच. एकाने स्वतःच्या बॅटरीची कथा सुरू केली, दुसऱ्याने चार्जिंगची. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणालासुद्धा, "मंग हिलालना काय दोष?" मला वाटलं, जिंकले.

फुई आतून आली. रिकामं कपाळ, आवाज बसलेला. ती आप्पांच्या अगदी समोर बसली, तिच्या हातात फुवांचा फोन होता, योगेंद्रने दिवाळीत घेऊन दिलेला.

"माले वाटनं, मना भाऊ माले इसरी गया," ती म्हणाली. "फोनना दोष व्हता, तर तू काय करशी? हाऊ ले. तेसले आते कोनसंगे बोलनं शे? मना आवाज तरी तुले येई."

तिने तो फोन आप्पांच्या दोन्ही हातांत ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नको म्हणावं असं मला वाटलं, पण कसं म्हणणार? योगेंद्र पुढे आला. त्याची नजर वर होत नव्हती. त्याने एका बाईकडून सेफ्टी पिन मागून घेतली, आप्पांचं सिमकार्ड काढून नव्या फोनमध्ये घातलं आणि म्हणाला, "मामा, मी तिकडून लावतो. बघा आवाज कसा साफ येतो."

तो गल्लीच्या टोकाला गेला आणि पाठ करून उभा राहिला. इकडे फोन वाजला. आप्पांनी तो कानाला लावला. सगळे बघत होते.

मी जवळ बसले होते, मला योगेंद्रचा शब्द न् शब्द ऐकू आला. "मामा, माले माफ करा. मी लोकांना सांगितलं, मामा पिऊन होता. माझी चूक झाली. समोर बोलायची हिंमत होत नव्हती, मामा." तो रडत होता.

आप्पा हसले. फोनवर बोलताना हसायचं, हे त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं असणार.

"हां, हां. बरं बरं," ते म्हणाले. "मजामा शेतस ना बठा?"

फुईचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. गल्लीच्या टोकाला योगेंद्र वळला, फोन अजून कानालाच होता. काल गजेंद्रच्या दुकानात मला वाटलं होतं की याहून जास्त लाज मला कधी वाटणार नाही. ते खोटं होतं. मी तोंड बंद ठेवलं असतं तर हा फोन त्यांच्या हातात आलाच नसता.

आप्पांनी फोन खाली घेतला. एकेकाचा चेहरा पाहिला. मग त्यांची नजर माझ्यावर आली, तीच, काल रात्रीची. मी सांभाळून घेईन याची त्यांना खात्री होती.

"योगिता," ते म्हणाले, "हाऊ बी बिघडेल शे का व?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. हो म्हटलं असतं तर लोकांनी तेही मानलं असतं कदाचित. मी त्यांचा गुडघा धरला.

"नही आप्पा," मी हळूच म्हणाले. "फोन चांगला शे."

त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकले.

"काय?"

मग मला ते पुन्हा सांगावं लागलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.