कोरोनातला ग्रुप

यादीत पाचवं नाव मल्लम्माचं होतं. नाव, वय, गाव, आजार : एचआयव्ही. शिवलीलानं ते वाचलं, आणि वाचूनही फोटो काढला.

मुरूमजवळच्या त्या खेड्यात शिवलीला आशाताई होती. आरोग्य केंद्रातल्या साहेबाचा तिसरा फोन आला होता. "ओ ताई, गोळ्या चुकलेल्यांची यादी टाका की! जिल्ह्याची मीटिंग सुरू झाली इकडं."

"साहेब, तुमच्या एकट्याच्या नंबरावर टाकते. ग्रुपात गावातली मान्सं हायती."

"एकेकीचा मेसेज धुंडत बसू का मी? ग्रुपवरच टाका. मग उडवा लगेच."

तो व्हॉट्सॲप ग्रुप कोरोनातला. पुण्याहून कोण आलं, कुणाच्या दारावर कागद चिकटवायचा, हे कळवायला काढलेला. कोरोना गेला, ग्रुप राहिला; त्यात सरपंच राहिले, किराणावाला धनाजी राहिला. नवा काढा म्हणून शिवलीला तीन महिने ओरडत होती. साहेब म्हणायचा, बघू.

तिनं फोटो टाकला. नऊ मिनिटांनी उडवला. धनाजीला एक मिनिट पुष्कळ झालं.

मल्लम्मा शाळेत खिचडी शिजवायची. नवरा गेला तेव्हापासून नऊ वर्षं ती गोळ्या आणायला सोलापूरला जायची, जवळ कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. एकदाच तारीख चुकली. सव्वीस जानेवारीला पोरांना शिरा द्यायचा, त्याची आदल्या दिवशी तयारी करायची होती म्हणून.

सोमवारी पोरं घरून डबे घेऊन आली. शिवलीला धावत गेली, ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर बसून खिचडी खाल्ली. "हिच्या हातचं खाऊन काय बी होत न्हाय! डॉक्टरला इचारा!" ती ओरडली. एकही ताट पुढं आलं नाही. हेडमास्तरांनी खाली बघत मल्लम्माकडून स्वयंपाकखोलीची किल्ली मागून घेतली.

मग शिवलीलाला नोटीस आली : रुग्णाची माहिती फोडल्याबद्दल खुलासा करावा. खाली साहेबाची सही. ज्यानं फोडायला लावली, त्याचीच. आणि ती नोटीस त्या हलकटानं टाकली कुठं, तर त्याच ग्रुपवर. आत मल्लम्माचं पूर्ण नाव, आडनावासकट. ज्यांचं पहिल्यांदा बघायचं राहिलं होतं त्यांनीही वाचलं.

शिवलीला पळतच मल्लम्माच्या घरी गेली. मल्लम्मा गाठोडं बांधत होती. कर्नाटकात, आळंदला बहिणीकडं जायचं होतं.

"अक्का, मारा मला. पण गोळ्या सोडू नका. तिकडच्या दवाखान्यात म्या फोन करते, नाव कळवते."

"नाव?" मल्लम्मा हसली. ते हसणं शिवलीलाला बघवलं नाही. "नऊ वर्षं म्या पोटात ठेवलं गं. तुमी नऊ मिनिटांत गावभर केलं. आता तिकडं बी कळवती?"

"मग गोळ्यांचं कार्ड तरी न्या. कार्ड दाखवलं की गोळ्या देतेत."

मल्लम्मानं चुलीकडं बोट केलं.

चूल पेटलेली होती. वर भांडं नव्हतं.