भोंग्याचं थिएटर

त्याला घरीदारी सगळे भोंग्या म्हणायचे, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. तरुणपणी तो बस स्टँडवर गाड्या पुकारायच्या नोकरीला होता. पुकारता पुकारता त्याला चाली सुचायच्या. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे तो इतकं आळवून सांगायचा की लोक ऐकत बसायचे आणि त्यांची गाडी निघून जायची. तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा स्टँडच्या साहेबांनी त्याच्यापुढे हात जोडले. "बाबा रे, तू गाणंच म्हण. आमचा पिच्छा सोड."

मग तो गाऊ लागला. आधी लोकांच्या लग्नात, मग रेडिओवर, मग मोठमोठ्या मैदानांवर. बघता बघता नाव झालं. त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. तिने मशीन झाकून ठेवलं आणि त्याचा सगळा कारभार हातात घेतला. कार्यक्रमांच्या तारखा ती ठरवायची, कोटाची बटणं ती लावायची, आणि भोंग्या हवेत गेला की त्याला खाली आणायचं कामही तिचंच.

पण पुढे त्याला मैदानं नकोशी झाली. बांबूच्या कठड्यापलीकडे माणसं उन्हात ताटकळत उभी राहायची आणि त्यांना दिसायचा काय, तर अंगठ्याएवढा भोंग्या. एकदा कार्यक्रम संपल्यावर एका आजोबांनी त्याच्या ड्रायव्हरचेच हात हातात घेतले. "काय गायलात हो!" म्हणाले. ड्रायव्हरनेही मान लववून "आपला आशीर्वाद" म्हणून घेतलं. भोंग्या गाडीत पोट धरून हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं.

"ताई, मी थिएटर बांधतो," तो म्हणाला. "माझ्या माणसांना नीट खुर्चीत बसून माझा चेहरा दिसला पाहिजे."

"बघण्यासारखा राहिलाय का तो आता?" ताई म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी जागा बघायला बाहेर पडली.

गावाच्या टोकाला बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. भिंती जाड, छप्पर उंच. मिस्त्रीने आत घुमटासारखं गोल छत घ्यायचं ठरवलं. "साहेब, तुमचा शब्द वर जाईल आणि थेट माणसाच्या मांडीवर येऊन पडेल," तो म्हणाला. भोंग्याने मऊ गादीच्या खुर्च्या निवडल्या, दोन रांगांच्या मध्ये पाय पसरता येतील एवढी जागा सोडली. ताईने बायकांची स्वच्छतागृहं दुप्पट करायला लावली. मैदानावर बायकांचे काय हाल होतात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

पहिला कार्यक्रम रविवारी दुपारी होता. थिएटर खच्चून भरलं. पडदा वर गेला, टाळ्या थांबल्या, भोंग्याने पहिली ओळ घेतली आणि क्षणभर थांबला. तेवढ्यात त्याच्या अगदी कानाशी एक बाई म्हणाली, "पोट केवढं सुटलंय बघा!"

त्याने दचकून मागे पाहिलं. मागे तबलजी, आणि तो खाली मान घालून वाजवत होता.

"हळू बोल, त्याला ऐकू जाईल," एक पुरुष म्हणाला.

"इतक्या लांबून? काहीतरीच तुमचं."

आता भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सातव्या रांगेत निळी शाल घेतलेली एक बाई शेजारच्या नवऱ्याच्या कानाला लागली होती. त्या गोल छताने तिथली कुजबुज उचलून नेमकी मंचावर आणून टाकली होती. भोंग्या ओळ चुकला, कसाबसा सावरला. गाणी पुढे सरकत होती तशी बाईही सुटली होती. "बघा हं, आता ते दाराचं गाणं म्हणेल आणि दुसरं कडवं गाळेल. नेहमी गाळतो मेला."

मध्यंतरात तो तरातरा आत आला. "मिस्त्रीला बोलवा! त्या छताला जाड कापड मारा, आत्ताच्या आत्ता!"

"एवढं काय म्हणाली ती?" ताईने विचारलं. त्याने सांगितलं. ताईने पदर तोंडाला लावला. "अरे, हेच मी घरी म्हणते तेव्हा म्हणतोस, ताईचं डोकं फिरलंय. आता परक्या बाईनेही सांगितलं. कडवं का गाळतोस?"

"वरचा सूर लागत नाही गं आता," तो पुटपुटला.

"मग तसं सांग जाऊन. तुझीच माणसं आहेत ना?"

पडदा पुन्हा वर गेला. भोंग्या पुढे आला, घसा साफ केला. "सातव्या रांगेतल्या निळ्या शालवाल्या बाई, पोट सुटलंय, कबूल. कडवं गाळतो, तेही कबूल. वरचा सूर मला झेपत नाही."

बाईंनी शाल डोक्यावरून ओढून घेतली. नवरा म्हणाला, "तरी मी सांगत होतो!" लोक माना वळवून बघू लागले. शेवटी त्या उभ्याच राहिल्या.

"मग खालून म्हणा की! आमचा जुना रेडिओ तापायलाच वेळ घ्यायचा. पहिलं कडवं संपलं की मग आवाज यायचा. नवं लग्न झालेलं, खोलीत दुसरं काही नव्हतं. आमच्यासाठी तुमचं गाणं दुसऱ्या कडव्यापासूनच सुरू होतं."

थिएटर हसलं. भोंग्याही हसला, पण त्याचे डोळे ओले झाले होते. त्याने पेटीवाल्याला पट्टी उतरवायची खूण केली आणि पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र गाडी अडली. इतकी वर्षं न म्हटल्यामुळे शब्दच आठवेनात. तो वर छताकडे बघत राहिला.

"दार लोटून जाऊ नकोस..." बाई हळूच म्हणाल्या.

"दार लोटून जाऊ नकोस," भोंग्या गायला.

"कडी अजून हलते आहे..."

एकेक ओळ त्या पुटपुटत गेल्या आणि एकेक ओळ तो गात गेला. आवाज खालचा होता, थोडा खरखरीतही. बाकी कुणाला त्यांचं पुटपुटणं ऐकू गेलं नाही. गाणं संपलं तेव्हा नवऱ्याने बाईंचा हात धरला होता आणि सगळं थिएटर उभं होतं.

नंतर त्या दोघांना आत चहाला बोलावलं. नवरा अवघडून कपाशी खेळत होता. "मला ऐकू येणार नाही असं आमची ही आणखी काय काय पुटपुटली?" त्याने भीत भीत विचारलं.

"तुमच्याबद्दल काही नाही," भोंग्या म्हणाला.

"हुश्श!" त्याने मोठा घोट घेतला.

मिस्त्री कापडाचे गठ्ठे घेऊन आला, त्याला तसाच परत पाठवलं. पुढे सातव्या रांगेसाठी झुंबड उडू लागली. कुणी तिथून फर्माइश करायचं, कुणी चूक काढायचं, आणि भोंग्या मंचावरून उत्तर द्यायचा. तिकिटाच्या खिडकीत ताई स्वतः बसायची आणि सातवी रांग मागणाऱ्या प्रत्येकाला बजावायची, "काय ते स्पष्ट बोला. अर्धवट कुजबुजलात तर तो अर्धा कार्यक्रम तुम्हालाच विचारत बसेल!"