साडेसातशे तासांची हाजरी

चिखल्याच्या खाणीत टेकचंदजींनी एकतीस वर्षं हाजरी लिहिली. कुणाला एक मिनिट फुकट दिलं नाही. सख्ख्या साळ्याचा अर्धा दिवस त्यांनी त्याच्या लग्नाच्या दिवशी कापला. तेव्हा टेक्सासच्या करसल्लागाराने त्यांच्या मुलीला, रुपाला, कामाच्या तासांची डायरी एखाद्या कडक माणसाला दाखवून घ्या, असं सुचवलं, तशी तिला बापाची आठवण झाली. चूक तिथेच झाली.

रुपा आणि तिचा नवरा भुपेंद्र यांची टेक्सासमध्ये भाड्याने दिलेली तीन घरं होती. वर्षभरात रुपाने या घरांसाठी साडेसातशे तासांपेक्षा जास्त काम केल्याची नोंद असली, की घरांचा तोटा भुपेंद्रच्या पगारातून वजा होणार आणि कर बक्कळ वाचणार, असा तिकडचा कायदा. डायरीत सातशे सत्तावन्न तास होते. माहेरी आलेल्या रुपाने एक जानेवारीच्या सकाळी डायरी बाबूजींपुढे ठेवली आणि निवांत पोहे खायला बसली.

"रंग निवडला, चार तास. कोणता रंग?"

"पांढरा."

लाल पेन चाललं. पोहे संपेपर्यंत सातशे अठ्ठेचाळीस तास पंचेचाळीस मिनिटं उरली.

"बाबूजी, तुमी पोरीचेच तास कापून राहिले."

"तिकडचा साहेब कापन, त्यापेक्षा मी कापलेले बरे."

साडेनऊ वाजले होते. टेक्सासमध्ये मात्र एकतीस डिसेंबरच्या रात्रीचे दहा, म्हणजे वर्ष अजून दोन तास जिवंत होतं. पण काम खरं हवं, आणि घरं धडधाकट. रुपाने भाडेकरूंना फोन लावले. पहिल्याचं सगळं ठीक होतं. दुसऱ्याचंही ठीक होतं. घरावर सुतकी कळा पसरली. तिसऱ्या घरातली बाई रडवेली होऊन म्हणाली, स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालंय.

"आई, गळून राहिलं!" रुपा ओरडली.

तिच्या आईने, सुलोचनाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या सुंदरबाई अभिनंदन करायला आल्या आणि चांगलं गळते ना, अशी चौकशी करून गेल्या.

रुपाने बाईला व्हिडिओवर मुख्य नळ बंद करायला शिकवलं. वर्षाच्या शेवटच्या रात्री कोणता प्लंबर फोन उचलतो? अकराव्याने उचलला, पण त्याने बराच वेळ फोनवर ताटकळत ठेवलं. टेकचंदजींनी तो वेळ धरला, कारण खाणीत खाली न्यायच्या पाळण्याची वाट पाहणंही ड्युटीतच असे. प्लंबर घरी पोचेपर्यंतचा रिकामा वेळ आणि चहाची आठ मिनिटं मात्र कापली.

अकरा सत्तावीसला, टेक्सासचं वर्ष संपायला तीन मिनिटं असताना, पाइप जोडला गेला. टेकचंदजींनी बेरीज मारली.

"बरोब्बर साडेसातशे."

"बरोब्बर चालत नाही, बाबूजी. जास्त पायजे."

रुपाने बाईला पुन्हा फोन लावला, फरशी कोरडी झाली का विचारलं. झाली होती. बाई नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊ लागली, तसं टेकचंदजींनी घड्याळ थांबवलं. शुभेच्छा हे काम नव्हे. चाळीस सेकंद भरले होते. त्यांनी डायरीत लिहिलं, साडेसातशे तास एक मिनिट, आणि खाली सही ठोकली.

रुपा नाचायचीच बाकी होती, पण तिने डायरी पाहिली.

"वरचे वीस सेकंद कायचे?"

"फोन लावाले लागले," टेकचंदजी म्हणाले, आणि तिच्याकडे न पाहता पेनाचं टोपण लावू लागले.