बधिर पायाचे चाळीस गुण

मानवी देह हे निसर्गाने घडवलेलं सर्वश्रेष्ठ यंत्र असून, मैदानावर त्याचा एकमेव रक्षक म्हणजे अ‍ॅथलेटिक ट्रेनर! हे वाक्य प्रात्यक्षिक परीक्षेच्या खोलीच्या दारावर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. दार अडकायचं. ते खांद्याने ढकलावं लागायचं, आणि दर वर्षी एखाद्या भावी रक्षकाचा खांदा त्यातच कामी यायचा.

बर्फाच्या पिशवीने दार ढकललं. हे तिचं वर्गातलं नाव, स्वभावावरून पडलेलं. खेळाडू कोसळला की धावत जायचं, चाचपून बघायचं, आधाराची चिकट टेप बांधून भागेल की डॉक्टरकडे धाडायचं हे ठरवायचं, एवढं शिकण्यात तिची चार वर्षं गेली होती. प्रात्यक्षिकात ती दोनदा आपटली होती. आज तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची.

सकाळी आई म्हणाली होती, "दोनदा तोंडावर पडलीस. तुला काही वाटतं की नाही गं?"

तिने प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. "नाही," म्हणाली, आणि कप विसळून पालथा घातला.

टेबलावर काका पाय पसरून बसले होते. हे मैदानाचे निवृत्त राखणदार. गेली अकरा वर्षं परीक्षेत जखमी खेळाडू तेच व्हायचे. विव्हळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"काय झालं, काका?"

"उंच उडी मारताना डावा घोटा मुरगळला," सत्तरीचे काका म्हणाले. "आई गंऽऽ!"

"तिने अजून हात लावला नाही, काका," परीक्षक सर कागदातून मान वर न काढता म्हणाले.

"गळा मोकळा करतोय, सर."

तिने घोटा तपासला. मग कापसाचा बोळा घेतला. "डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा."

अंगठा. "हो." पाऊल. "हो." करंगळीपाशी बोळा हातातून निसटून जमिनीवर पडला. ती उचलायला वाकली.

"हो," काका म्हणाले.

ती उभी राहिली. हात खिशात घातला आणि थांबली.

"हो," काका ठेक्यात म्हणाले.

तिने पाऊल उलटं करून पाहिलं. टाचेत टाचणी रुतलेली होती, डोक्यापर्यंत.

"काका, ही टाचणी कधीची?"

"कुठली टाचणी?"

सर उठून आले. टाच पाहिली, चष्मा काढला, पुन्हा पाहिली. "काका, कळत नाही, तर 'हो' का म्हणता?"

"मला दिलेल्या परीक्षेच्या कागदावर 'संवेदना नॉर्मल' लिहिलंय ना, सर. अकरा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही मी."

सरांनी तिथल्या तिथे डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. 'आजच' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. मग घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं उरलीत. टेप बांधा. पन्नासातले चाळीस गुण टेपचेच आहेत."

"बधिर पायाला टेप बांधत नाहीत, सर. आवळली गेली तरी यांना कळायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

"ते मैदानासाठी. ही परीक्षा आहे."

"मग उजव्याला बांधते."

"कागदावर डावा आहे."

तिने टेपचं रीळ टेबलावर ठेवलं. मग टाचणी काढली, टाच धुतली आणि स्वच्छ कापडाने झाकली. याला कागदावर रकाना नव्हता.

सरांनी बराच वेळ लिहिलं. तिने उलट बाजूने वाचलं: 'निर्णय अचूक. गुण दहा. अनुत्तीर्ण.'

"समितीकडे अर्ज करा," सर खालच्या आवाजात म्हणाले. "मी शिफारस करतो. समिती बसेल."

समिती एकदा बसली की उठायला वर्ष घेते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने मान हलवली. संध्याकाळी आई तोच प्रश्न विचारणार, म्हणून तिने आत्ताच आत डोकावून घेतलं. कुठेतरी बारीक मुंग्या आल्यासारखं होतं. नेमकं कुठे, ते कळेना.

ती दाराला खांदा लावणार, इतक्यात काकांनी हाक मारली.

"ताई, तेवढा डावा मोजा चढवून द्या. चढला की नाही, ते मला कळत नाही."