दोघांना एकच हार

मी जोडफोटो बोलतोय. माझा जन्म हौसेतून नाही, पेन्शनच्या कागदांतून झाला. शाळेतले शिपाई उकंडराव निवृत्तीला आले, तेव्हा ऑफिसनं नवरा-बायकोचा एकत्र फोटो मागितला. त्यांची बायको पंचफुलाबाई एसटीत कंडक्टर. ते शाळेत, ह्या गाडीवर. लग्नाच्या तीस वर्षांत दोघं निवांत शेजारी बसली ती राळेगावच्या स्टुडिओत, माझ्यासाठी. फोटोग्राफर 'जवळ सरका' म्हणून थकला, पण मधलं वीतभर अंतर काही मिटलं नाही.

दोन वर्षांनी उकंडराव गेले. घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. म्हणून तेरवीला मलाच मोठं करून भिंतीवर टांगलं आणि हार चढवला. हार केवढा, तर दोघांना पुरून उरेल एवढा. जित्या बाईंवरही हार आलाय, हे दुःखाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला दिसत होतं, पण फोटोचं ऐकतो कोण?

पुढं गाव म्हणू लागलं, नोकरीवाल्या बाईला नवऱ्याची पेन्शन मिळत नाही, एक काहीतरी सोड. बाईंना गाडी सोडायची नव्हती आणि नवऱ्यानं जन्मभर शाळेत वाजवलेल्या घंटेवर पाणीही सोडायचं नव्हतं. त्यांनी सरळ ऑफिसात विचारलं. नोकरी असली तरी मिळते, फक्त घरी चौकशीला माणूस येईल, असं उत्तर आलं.

माणूस आला तेव्हा बाई गाडीवर. घरात म्हातारी सासू तेवढी झोपलेली. त्यानं मला पाहिलं, हळहळला, मला हात जोडले. म्हातारीला उठवून जखमेवर मीठ कशाला चोळायचं, म्हणून त्यानं कागदावर लिहून टाकलं: पती-पत्नी दोघेही मयत. इतका सज्जन माणूस मी पाहिला नाही, आणि इतका घातकीही.

फाईल बंद झाल्याचं पत्र आलं तशा बाई खाकी गणवेशातच ऑफिसात गेल्या. बाबूंनी जिवंत असल्याचा पुरावा मागितला. तिथं काय झालं ते संध्याकाळी बाईंनी सासूला सांगितलं, म्हणून मला कळलं. बाई म्हणाल्या होत्या, "बाबूजी, तुमी रोज माह्याच गाडीनं येता. काल खिडकीच्या जागेसाठी भांडले, ते काय भुतासंग?"

बाबूंनी फाईल परत उघडली. पेन्शन सुरू झाली. मात्र पुन्हा घोळ नको, फोटो मधून कापून टाका, असा सल्लाही त्यांनी दिला.

बाई कात्री घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या दोघांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हार आखूड केला, नवऱ्याच्या बाजूला सारला आणि कात्री ठेवून दिली.

लोकहो, भिंतीवर बघून माणसाचा हिशेब लावू नका, एवढंच मागणं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं हार अजूनही बाईंकडं सरकतो. रोज सकाळी निघताना त्या तो परत नवऱ्याकडं सारतात आणि हळूच म्हणतात,

"तुमचं तुमच्याजवळ ठेवा जी. मले डुटीवर जायचं हाय."