हृदयावरचा माझा ठिपका

"सर, हृदयावर उजवीकडे तो काळा ठिपका आहे ना, त्याचं नाव काय?"

मित्रांनो, हा प्रश्न कानावर पडला आणि माझा पंखा जागच्या जागी अडखळला. कारण तो ठिपका हृदयाचा नव्हताच. तो माझा होता.

मी या वर्गाच्या छताला उलटा टांगलेला जुना प्रोजेक्टर. माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात काच बसवली, तेव्हा आत धुळीचा कण जाऊ नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. इथे आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! शिपाईकाकांनी खिडक्या झाकल्या, सरांनी बटण दाबलं आणि भिंतीवर देवमासा आला. पुढच्या बाकावरच्या मुलांनी चक्क पाय वर घेतले. मग ज्वालामुखी आले, शनीची कडी आली, बर्फाचे कडे आले. आगपेटीपेक्षा लहान काचेवर अख्खा शनी मावायचा आणि भिंतीवर जाऊन पुन्हा शनी व्हायचा. हे कसं होतं, ते मला स्वतःला अजून नीट उमगलेलं नाही.

पुढे कौतुक आटलं. माझी हवा आत घेणारी जाळी कोणी पुसेना. धूळ आत शिरली आणि एक कण नेमका त्या काचेवर ठाण मांडून बसला. भिंत कोरी असली की तो भिंतीचाच डाग वाटायचा. हृदयाचं चित्र लागलं की मात्र मोठ्या रक्तवाहिनीवर असा बसायचा, जसा काही जन्मापासून तिथलाच.

प्रश्न विचारणारी मुलगी मागच्या बाकावरची. सगळे तिला मौनी म्हणायचे, कारण तास चालू असताना हजेरीपलीकडे तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. घरीही तीच तऱ्हा. हे वर्ष संपलं की तिला लांबच्या मोठ्या शाळेत घालायचं, असं आईबाबांनी परस्पर ठरवलं होतं. तिथे म्हणे वर्गावर्गात भिंतभर पडदे. मौनीला काय वाटतं, ते तिने घरी सांगितलं नाही. मैत्रिणींना मात्र सांगितलं, आणि लंबू नावाच्या मैत्रिणीने तिला डिवचलं, "जायच्या आधी एकदा तरी तोंड उघड. विचार सरांना त्या ठिपक्याचं. नाही जमायचं तुला."

जमलं की.

सर भिंतीपाशी गेले. बोट लावलं, तर ठिपका त्यांच्या नखावर चढून बसला. "माहीत नाही गं," ते म्हणाले, "पुस्तकात बघू." पुस्तकातल्या हृदयावर ठिपका नव्हता. मग वह्या उघडल्या. झाडून सगळ्या वह्यांमध्ये ठिपका. एकाने तर बाण काढून नावही दिलं होतं, 'लहान झडप'.

"आणि याला मी बरोबरची खूण केलीय," सर डोकं खाजवत म्हणाले.

"सर, चंद्र लावून बघा ना," मौनी म्हणाली. चंद्र आला, चंद्रावर ठिपका. झाडाचं पान आलं, पानावर ठिपका. तिने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. "हा याच्या पोटातला आहे."

वर्ग हसून हसून आडवा झाला. मी शरमेने तापलो. तसा मी तापतोच म्हणा.

सर हसले, पण मग गंभीर झाले. "आजपासून चित्र लागलं की मी गप्प. आधी तुम्ही बघायचं, काय दिसतं ते बोलायचं, मग त्याचं नाव. आणि चित्रंसुद्धा तुम्हीच आणायची."

मित्रांनो, इथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. मुलं फोनच्या भिंगावर पाण्याचा एक थेंब ठेवायची आणि त्यातून फोटो काढायची. मीठ आलं, ते काचेच्या घरांचं गाव निघालं. मुंगीचा पाय आला, त्यावर केसांचं रान. मी आजवर शनीपर्यंत धावत होतो आणि एवढं सगळं डब्यात, फरशीवर, दाराशी पडून होतं. प्रत्येक चित्राला पहिला हात मौनीचा वर जायचा. "हे असं का आहे, सर?" ती विचारत सुटायची. सर म्हणायचे, "हिला मौनी कोणी म्हटलं रे?"

पालकांच्या सभेच्या दिवशी रिमोट तिच्याच हातात होता. मागे आईबाबा बसले होते. भिंतीवर आले कड्यामागून कडे. त्यांच्या माथ्यावर चमचमणारी तळी. मध्ये एक खोल विवर आणि शेजारून गेलेला जाडजूड लाल दोर.

"नांगरलेलं शेत," बाबा म्हणाले.

"वाळवंट असेल," आई म्हणाली. "पण मग हे पाणी कसलं?"

"आणि तो उजवीकडचा काळा खड्डा?" कोणाचेतरी आजोबा म्हणाले.

"तो प्रोजेक्टरचा, आजोबा," वर्ग एका सुरात ओरडला.

"आई, हे तुझं बोट आहे," मौनी म्हणाली. "शिवताना सुई लागते ना, ते हे विवर. दोर म्हणजे कातडीच्या रेघेत अडकलेला दोऱ्याचा तंतू. आणि ती तळी तुझ्या घामाची. काल मशीनवर डोकं ठेवून डुलकी काढत होतीस, तेव्हा काढला फोटो."

आईने बोट डोळ्यांजवळ नेलं. भिंतीकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे. "एवढं सगळं इथे?" ती पुटपुटली. वर्गात फक्त माझा पंखा वाजत होता, आणि तोही मला मोठा वाटायला लागला. त्या एवढ्याशा बोटापुढे मला शनी फिका वाटला.

मित्रांनो, माझी जाळी तेवढी पुसत जा. आणि मी दाखवतो ते डोळे मिटून वहीत उतरवू नका. माझ्या प्रकाशात माझी धूळही असते. ती कुठली आणि चित्र कुठलं, हे तुम्ही विचारलंत तरच कळतं.

बाबा उठले. "झकास. त्या शाळेत तर पडदा याच्या दुप्पट आहे. तिथे काय दिसेल हे."

मौनीने रिमोट टेबलावर ठेवला आणि ती दोघांसमोर जाऊन उभी राहिली.

"पडदा मोठा असेल, बाबा. पण मला विचारायची सवय इथे लागलीय. आई, तूही ऐक. मी शाळा बदलणार नाही. इथेच शिकणार."